‘व्हेरी व्हेरी’ चूक नाही, पण अर्जात नको

नोकरीच्या अर्जात तुम्ही ‘आय ॲम व्हेरी व्हेरी इंटरेस्टेड’ लिहिलंत आणि मित्राने ‘हे व्याकरणात बसत नाही’ म्हणून एक ‘व्हेरी’ खोडला. व्याकरणात ते नीट बसतं. पण खोडला ते बरं केलं.

इंग्रजी बोलणारे ‘व्हेरी व्हेरी’, ‘रिअली रिअली’ सर्रास म्हणतात. बोलताना दुसऱ्या शब्दावर आवाज चढतो आणि सगळी मजा त्या चढण्यात असते. कागदावर नुसता तोच शब्द दोनदा दिसतो. मित्राला मेसेज किंवा कथेतला संवाद असेल तर खुशाल लिहा, तिथे वाचणाऱ्याला आवाज ऐकू येतो. छापील मजकुरात दोघांच्या मध्ये सहसा स्वल्पविराम देतात, चॅटमध्ये कोण बघतंय! आणि ‘थँक यू व्हेरी, व्हेरी मच’ अगदी औपचारिक भाषणातही खपून जातं, कारण ते शेवटी बोललंच जातं.

सगळ्याच शब्दांची अशी जोडी जमत नाही. आखूड शब्दांची जमते: ‘मच, मच बेटर’, ‘फार, फार बेटर’ (हा इंग्रजी ‘फार’, आपला नव्हे). ‘एक्स्ट्रीमली एक्स्ट्रीमली’ म्हणताना जीभच अडखळते. ‘एक्सलंट’, ‘इम्पॉसिबल’ अशा मुळातच टोकाच्या विशेषणांमागे तर एक ‘व्हेरी’सुद्धा खटकतो; तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ वापरा.

औपचारिक लिखाणाची रीत बघायची तर रेडिओ लहरींच्या पट्ट्यांची नावं बघा. ३ ते ३० मेगाहर्ट्झ ‘हाय फ्रिक्वेन्सी’, ३० ते ३०० ‘व्हेरी हाय’. त्याच्या वर गेल्यावर ‘व्हेरी व्हेरी हाय’ आलं नाही. ‘अल्ट्रा हाय’, ‘सुपर हाय’, ‘एक्स्ट्रीमली हाय’ असे वेगळे शब्द घेतले, आणि प्रत्येकाची हद्द आकड्यात ठरवली. अहवालात ‘टेंपरेचर वॉज व्हेरी व्हेरी हाय’ लिहिलंत तर वाचणारा विचारणारच, किती? मग आकडाच द्या ना.

अर्जात आकड्याच्या जागी कारण येतं. ‘आय हॅव हँडल्ड एक्सपोर्ट इनव्हॉइसेस फॉर थ्री इयर्स अँड वुड लाइक टू मूव्ह इनटू लॉजिस्टिक्स’ असं काहीतरी, अर्थात तुमच्या कामाचं. तेवढं लिहून झाल्यावरही ‘इंटरेस्टेड’ ठेवावंसं वाटलं, तर एका ‘व्हेरी’वर भागवा.