लूथरन मंडळीला अर्पण कसे द्यावे? अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसजवळच्या एका लूथरन मंडळीचे (लूथरन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे) नुकतेच सभासद झालो. पहिल्याच आठवड्यात छापील पाकिटांचा गठ्ठा हाती आला. पुण्यात आम्ही अर्पणाच्या थैलीत नोट टाकून मोकळे व्हायचो. इथे पाकीट वापरावे की ऑनलाइन द्यावे?

उत्तर : दोन्ही चालते. सुटी नोट टाकणे तेवढे सोडा, कारण ती कोणाच्या नावावर चढत नाही. पाकिटावरचा क्रमांक तुमच्या कुटुंबाचा असतो आणि जानेवारीत मिळणारे वर्षभरातल्या अर्पणाचे पत्र त्याच क्रमांकावरून तयार होते. पाकिटावर चालू खर्च, इमारत, भूक-निवारण असे रकाने असतात, त्यात रक्कम लिहा. अर्पण मोजायला वेगवेगळ्या घरांतली दोन माणसे बसवण्याची पद्धत आहे. बाहेर ५० लिहिले आणि आत ४० निघाले, तर त्यांना तिथेच थांबावे लागते. चेक लिहाल तर खालच्या ‘मेमो’च्या ओळीत पाकिटाचा क्रमांक टाका. चेक चर्चच्या नावे असावा, पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) नावे नव्हे.

तरीही आमचा कल बँक खात्यातून दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेकडे आहे. मिनेसोटात उन्हाळा आला की माणसे तळ्याकाठच्या घरांकडे निघतात, बाकडी रिकामी पडतात आणि थैलीही हलकी होते. पाळकांचा पगार आणि विम्याचा हप्ता मात्र जुलैतही द्यावाच लागतो. नेमून दिलेली रक्कम ही खोट भरून काढते. ती कार्डावर न लावता थेट खात्यातून जाऊ द्या. कार्डावर तीन टक्के कापले जात असतील, तर महिना २०० डॉलरच्या अर्पणातून वर्षाला ७२ डॉलर मंडळीपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय कार्डाची मुदत संपली की अर्पण गुपचूप बंद पडते आणि देणाऱ्याला महिनोन्महिने कळत नाही.

करसवलतीत लोक हमखास चुकतात ते डिसेंबरच्या शेवटी. ३१ डिसेंबरला टपालात टाकलेला चेक जुन्या वर्षात धरतात. तोच चेक जानेवारीच्या पहिल्या रविवारी थैलीत टाकला, तर वर तारीख कोणतीही असो, तो नव्या वर्षाचा. आणि एकाच वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर बँकेची नोंद पुरत नाही, चर्चचे लेखी पत्र लागते. बदल्यात वस्तू किंवा सेवा दिली नाही, किंवा केवळ आध्यात्मिक लाभ दिला, असे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. विवरणपत्र भरण्याआधी ते हाती असले पाहिजे. २०२६ पासून प्रमाणित वजावट (खर्चाची यादी न देता उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्यांनाही रोख अर्पणावर १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला एकत्र विवरणात २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. २०२२ ते २०२५ या वर्षांत अशा कुटुंबांना काहीच मिळत नसे, म्हणून आता पत्रे जपून ठेवा.

प्रश्न : आई बहात्तर वर्षांची आहे. तिच्या आयआरए खात्यातून (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्यातून) मंडळीला काही द्यायची तिची इच्छा आहे. पैसे काढून चेक लिहावा का?

उत्तर : काढू नका. साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयआरएमधून थेट चर्चला रक्कम देता येते आणि ती उत्पन्नात धरली जात नाही. २०२६ साठी मर्यादा माणशी १,११,००० डॉलर आहे. त्र्याहत्तरीनंतर सक्तीने काढावी लागणारी रक्कमही यातून वळती होते. अट एकच, पण कडक : चेक चर्चच्या नावे निघाला पाहिजे. आईच्या खात्यात पैसे आले की ते तिचे करपात्र उत्पन्न झाले, मग दुसऱ्या दिवशी सगळे दान केले तरी. रक्कम ४०१-के मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) असेल तर आधी ती आयआरएत न्यावी लागते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गुंतवणूक कंपनीकडून येणाऱ्या चेकवर कधीकधी देणाऱ्याचे नावच नसते. चर्चच्या कार्यालयात मग तो ‘कोणाचा हा?’ म्हणून पडून राहतो. खजिनदारांना आधी कळवा : कोणाकडून, किती, कशासाठी.

शेअर द्यायचे असतील तर तेच सूत्र. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव चढलेले शेअर न विकता चर्चच्या ब्रोकरेज खात्यात पाठवा. नफ्यावरचा कर वाचतो आणि सविस्तर (एकेक खर्च दाखवून) वजावट घेणाऱ्याला बाजारभावाइतके दान दाखवता येते. तोट्यातले शेअर मात्र आधी विका.

प्रश्न : थ्राइव्हंटचे ‘चॉइस डॉलर्स’ म्हणजे काय?

उत्तर : थ्राइव्हंट ही दोन लूथरन बंधुसंस्थांच्या (सदस्यांना विमा देणाऱ्या परस्परसाहाय्य संस्थांच्या) विलीनीकरणातून उभी राहिलेली वित्तसंस्था. पात्र सदस्यांना ती स्वतःच्या पैशांतला काही भाग कोणाला द्यावा हे सुचवू देते; तेच ‘चॉइस डॉलर्स’. तुमच्या खिशातून काही जात नाही, म्हणून वजावटही नाही. वर्षाचे डॉलर्स पुढच्या ३१ मार्चपर्यंत वळवले नाहीत तर ते बाद होतात. पुष्कळ मंडळ्यांचे पैसे असेच हुकतात, म्हणून सदस्य असाल तर आजच तिथले आपले खाते तपासा.

प्रश्न : आमच्या इथल्या लूथरन मंडळीमार्फत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या मूळ मंडळीच्या छपरासाठी पैसे पाठवायचे आहेत. पाळकांच्या खात्यात भरले तर?

उत्तर : कृपा करून तसे करू नका. परदेशातून येणारी देणगी घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावे लागतात. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात भरलेले पैसे त्यांनाच अडचणीत आणतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही हे पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणून छप्पर ज्या संस्थेच्या मालकीचे, नोंदणीही तिचीच आहे का, हे पहिले विचारा.

तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले असतील, तर नेहमीच्या बँक मार्गाने थेट मूळ मंडळीला पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी. थेट भारतात पाठवलेल्या रकमेवर अमेरिकेत वजावट नाही. वजावट हवी असेल तर पैसे इथल्या मंडळीला द्यावे लागतील आणि ते कुठे जावेत याचा अंतिम निर्णय तिच्या समितीच्या हाती ठेवावा लागेल. ‘अमुक कुटुंबालाच द्या’ अशी अट घातली की ते दान उरत नाही, भेट होते. छपराचा अंदाजपत्रकासह अर्ज आधी समितीपुढे ठेवा, होकार आला की मग चेक लिहा.