हातभर अंतरावरून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मित्राच्या निरोपाच्या त्या संध्याकाळी सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि तू पाठीवरची सॅक काढून दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिलास, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूलाच ठेवलं. घरी गेल्यावर रात्रभर तू विचार करत बसलास की आपल्यात काही कमी आहे का. आणि शेवटी चिडून लिहिलंस, हे मिठ्या मारणारे सगळे नाटकी असतात.

तुझ्यात काहीही कमी नाही, हे आधी ऐकून घे. दुसरं वाक्य मात्र मला पटलेलं नाही. का पटलं नाही हे सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी फारशी कुणाला सांगत नाही.

मी मिठी मारणारी आहे. माणूस दिसलं की माझे हात आपोआप पुढे होतात. कामाच्या निमित्तानं माझी एकीशी ओळख झाली आणि पुढे ती जिवाभावाची मैत्रीण झाली. दर भेटीत मी तिला मिठी मारायचे, आल्यावर एक आणि निघताना एक. असं अकरा वर्षं चाललं. एकदा तिच्या आजारपणानंतर आम्ही दोघी निवांत बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "तू जवळ घेतेस ना, तेव्हा मी श्वास धरून ठेवते. तू सोडलंस की मग घेते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी सवय सांगावी तसं ती सांगून गेली. मला मात्र पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. अकरा वर्षं, प्रत्येक भेटीत दोनदा. आणि दर वेळी मी समजत होते की मी तिला काहीतरी देते आहे.

नंतर आठवून पाहिलं तर खुणा सगळ्या होत्या. तिचे हात कोपराच्या वर यायचेच नाहीत. हनुवटी माझ्या खांद्याला टेकायची नाही. पाठीवर दोन झटपट थापा पडायच्या, म्हणजे झालं, आता सोड. मी त्या थापांना माया समजत आले. मिठी मारताना समोरच्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही रे, तो आपल्या खांद्यामागे असतो. ज्या क्षणी त्याच्या मनात काय चाललंय हे कळायला हवं, नेमका त्याच क्षणी तो आपल्या नजरेआड जातो. म्हणून तुला सांगते, तुझ्या त्या मित्रांना खरंच कळत नाही. तू आखडतोस ते त्यांना दिसत नाही. दिसलं तर त्यांच्यापैकी बहुतेक जण तिथल्या तिथे थांबतील.

आणि ते नाटकी नसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४०४ प्रौढांना सलग १४ दिवस रोज संध्याकाळी विचारत गेले, आज कुणाशी खटका उडाला का, आज कुणी मिठी मारली का. ज्या दिवशी खटका उडाला आणि मिठीही मिळाली, त्या दिवशी माणसं कमी उदास होती. मिठीनंच ते घडलं असं यातून छातीठोकपणे सांगता येत नाही, पण माझा स्वतःचा अनुभव त्याच्या अगदी जवळचा आहे. दिवस वाईट गेला की मला कुणाचा तरी खांदा लागतो. तुझ्या त्या मित्राचंही तसंच असेल. गाव सोडून निघालेला मुलगा, पोटात कालवाकालव, आणि शब्द सुचत नाहीत. हात पुढे केले की शब्दांची गरज संपते. तुझ्याकडे तो हात पसरून आला तेव्हा तो काही दाखवायला आला नव्हता, मागायला आला होता.

आता तुझ्या बाजूनं. 'तुसडा', 'शिष्ट', 'माणूसघाणा' हे शब्द तू लहानपणापासून ऐकलेस असं लिहितोस. ज्यांनी ते वापरले त्यांना बहुधा असं वाटतं की माया असली की ती अंगातून बाहेर पडायलाच हवी. सिडनी जुरार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांतल्या कॅफेंमध्ये बसून गप्पा मारणाऱ्या जोड्या पाहत राहिले. तासाभरात दोघं एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात, एवढंच ते मोजत होते. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये १८० वेळा. पॅरिसमध्ये ११०. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये २. लंडनमध्ये एकदाही नाही. पाहणी छोटी होती, पण लंडनमधल्या त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं, असं या शून्यावरून कोण म्हणेल?

शिवाय एकाच शहरात, एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांतही हा फरक असतो. टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ स्वमग्न आहेत. लहानपणी कुणी मिठी मारली की त्यांना ते सहन व्हायचं नाही, आणि तरीही कुणीतरी घट्ट धरावं असं फार वाटायचं. गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा पिंजरा त्यांनी पाहिला, त्यात काही गुरं शांत होतात हे पाहिलं, आणि वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसंच एक यंत्र बनवलं. दाब किती आणि कधी सोडायचा, हे त्या स्वतः ठरवायच्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. स्पर्शाची भूक त्यांनाही होती. नको होतं ते दुसऱ्याच्या हातात सापडणं. तुझ्या बाबतीतही तसंच असेल असं मी गृहीत धरत नाही, कारण काहींना स्पर्श मुळातच नको असतो आणि त्यालाही काही कारण द्यावं लागत नाही. पण स्वतःला एकदा विचारून बघ, मला मिठी नको असते, की न विचारता आलेली मिठी नको असते? की फक्त गर्दीतली, सगळ्यांच्या देखत मारलेली? उत्तर वेगळं आलं तर पुढचं सगळंच वेगळं होईल.

आणि एकच उत्तर सगळ्यांना लागू व्हायला हवं असं नाही. आजीच्या कुशीत शिरतोस मग आम्हालाच काय झालं, असं बहीण म्हणाली ना? २०१५ मध्ये पाच युरोपीय देशांतल्या तेराशेहून अधिक लोकांना शरीराची रेखाकृती देऊन विचारलं होतं की कुणी कुठे हात लावलेला तुम्हाला चालेल ते रंगवा. नातं जितकं जवळचं, तितका रंगवलेला भाग मोठा. परक्यांच्या वाट्याला जेमतेम हात आले. प्रत्येकाच्या मनात माणसागणिक असा नकाशा असतो. बहिणीला आजीचा नकाशा लागू होत नाही, यात अन्याय कसला? आज चाललं ते उद्या चालणार नाही, हेही होतं. त्याचा खुलासा करत बसू नकोस.

मग करायचं काय? तुझी सगळी पंचाईत त्या शेवटच्या पावलावर होते, हे माझ्या लक्षात आलं आहे. समोरचा हात पसरून अगदी जवळ येईपर्यंत तू काही करत नाहीस, आणि मग एकदम मागे सरतोस. ते मागे सरणं त्याला थपडेसारखं लागतं. त्याऐवजी चार पावलं आधीच बोलायला लाग. लांबूनच नावानं हाक मार, हात वर कर, हसून बघ. तुझा हात आधी पुढे झाला की बहुतेक माणसं तोच धरतात. तरीही कुणी पुढे आलंच तर सरळ सांग, "मी मिठीवाला नाही रे, पण तू भेटलास, फार बरं वाटलं." वाक्याचा दुसरा अर्धा भाग गिळू नकोस. तू बहुतेक पहिलाच अर्धा बोलतोस, किंवा तोही नाही.

जवळच्यांना तर प्रसंग येण्याआधीच सांगून ठेव, अगदी साध्या दिवशी, चालता चालता. माझ्या मैत्रिणीनं ते दुसऱ्याच भेटीत सांगितलं असतं तर मला पाच मिनिटं ओशाळल्यासारखं झालं असतं. अकरा वर्षांनी कळलं तेव्हा मी कित्येक रात्री तळमळले. ती माझं मन राखत होती, हे मला कळतं. तूही तुझ्या मित्रांचं मन राखायला म्हणूनच गप्प बसतोस ना?

एक गोष्ट तुला आवडणार नाही, पण सांगते. मिठी नाकारायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण मग तिच्या जागी काहीतरी ठेव. त्या मित्राच्या कामासाठी तू रात्री जागलास, त्याच्या वडिलांना रुग्णालयात नेलंस, हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. पण निघताना त्याला तुझी सॅक दिसली. 'मला तुझी खूप आठवण येईल' हे पाच शब्दही तू बोलला नाहीस. अंगानं बोलणारी माणसं न सांगता मोकळी होतात, आपल्यासारख्यांना तोंडानं बोलावं लागतं, असं माझी ती मैत्रीण आता म्हणते. ती वाढदिवसाला हातानं लिहिलेलं पत्र पाठवते. तिची आठ पत्रं माझ्या कपाटात आहेत.

मन मारून, उपकार केल्यासारखी मिठी मात्र देऊ नकोस. लंडनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक, पाच आणि दहा सेकंदांच्या मिठ्यांची तुलना केली. एका सेकंदाची मिठी लोकांना सगळ्यांत कमी आवडली. तसल्या घाईच्या मिठीनं तुलाही त्रास आणि त्यालाही समाधान नाही.

हे सगळं बरोबरीच्या, प्रेमाच्या माणसांसाठी झालं. तू उल्लेख केलेल्या त्या वरिष्ठांना यातलं काहीच लागू नाही. आपण सगळे एकाच कुटुंबातले, असं म्हणत जो हाताखालच्या मुलामुलींना कवेत घेतो आणि कुणी आखडलं की त्याची सगळ्यांसमोर थट्टा करतो, त्याला गोड शब्दांत समजावायची जबाबदारी तुझी नाही. मागे हो, स्पष्ट 'नको' म्हण, आणि तारीख-वार लिहून ठेव. ज्याच्या हातात तुझी नोकरी आहे त्याला तुझ्याकडून हो गृहीत धरता येत नाही. तुझ्या बाजूला उभ्या असलेल्या त्या नव्या मुलीलाही हे सांग. ती तुझ्याहून जास्त घाबरलेली असेल.

२०२० च्या साथीनंतर माणसं पुन्हा भेटू लागली तेव्हाचे काही महिने मला आठवतात. दारात उभं राहून प्रत्येक जण विचारायचा, "जवळ आलं तर चालेल ना?" कुणी नको म्हणालं तरी कुणाला राग येत नव्हता, कारण न विचारता जवळ जाणं धोक्याचं आहे हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. साथ ओसरली आणि त्याबरोबर तो प्रश्नही गेला. साथ गेली ते चांगलं झालं, पण तो प्रश्न राहायला हवा होता, असं मला अजून वाटतं. मी तो विचारायचं सोडलेलं नाही. ज्यांना मिठी हवी असते ते 'हो' म्हणायच्या आतच पुढे येतात, आणि ज्यांना नको असते त्यांचे खांदे खाली येतात. ते खाली येणारे खांदे पाहिले की मला माझी अकरा वर्षं आठवतात.

दुःखाच्या वेळी काय करायचं, असंही विचारलं आहेस. मैत्रिणीची आई गेली तेव्हा मी तिच्या घरी गेले. खोलीत बरेच जण होते. मी तिच्या शेजारी बसले, हात माझ्याच मांडीवर ठेवून. सगळं अंग तिला जवळ घ्यायला निघालं होतं, तरी तशीच बसून राहिले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि हळूच म्हणाली, "घे ना." मी तिला जवळ घेतलं. माझा तळवा तिच्या पाठीवर होता आणि पाठ संथपणे वरखाली होत होती. तिचा श्वास चालू होता.

तुला मी याहून वेगळं काही सांगू शकत नाही. शेजारी जाऊन बस, आणि उठून जाऊ नकोस. जवळ घ्यायची वेळ आलीच तर ती माणसं सांगतील, आणि तेव्हाही तुला जमलं नाही तर त्यांचा पेला भरून आणून दे, दाराशी आलेल्यांशी तू बोल.

आता मला तुझ्याकडून एक हवं आहे. मागच्या वेळी तू आलास आणि निघताना वाकून बुटाची नाडी बांधत होतास, तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. न विचारता. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. तेव्हा काय वाटलं ते मला लिही, आणि माझं मन राखू नकोस.

तुझी,
ताई