सुरुवात दिव्यापासून करा

मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या शैलीत खोली सजवताना सोफा, टीपॉय, कपाट असं सगळं एकदम घेऊ नका, खोली दुकानासारखी दिसते. आधी जेवणाच्या टेबलावर एकच चांगला लटकता दिवा लावा. डिझायनर पॉल हेनिंगसन यांनी १९५८ मध्ये डेन्मार्कच्या लुई पौलसेन कंपनीसाठी केलेला पीएच ५ हा दिवा नीट निरखा. त्याच्या एकाखाली एक बसवलेल्या छत्र्यांमुळे कुठूनही बल्ब डोळ्यांत खुपत नाही. मला अजून त्याचं नवल वाटतं.

नवखे हमखास इथे चुकतात:
- दिवा छताजवळ टांगतात. टेबलापासून साधारण ६० सेंमी वर पुरे.
- पांढराफटक बल्ब लावतात. २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचा घ्या, सागवान त्यातच खुलतं.

फर्निचरचे पाय निमुळते, खालची फरशी दिसेल असे हवेत. अस्सल-नक्कल ओळखणं नंतर शिकू. आधी टेबलाचं माप घ्या.