‘नाही ना?’ असं विचारू नकोस

प्रश्न : माझा भाऊ 17 वर्षांचा आहे. महिना झाला, रात्री दोन-तीनपर्यंत जागतो, साधं काही बोललं तरी अंगावर येतो, अर्धं ताट तसंच टाकून उठतो. परवा जिवापाड जपलेली गिटार मित्राला देऊन टाकली. विचारलं तर म्हणाला, ‘‘मी नसलो तरी कुणाचं काय अडणार आहे?’’ आईबाबांना सांगायचं नाही अशी शपथही घातली. बाबा म्हणतात, वयाची नाटकं. स्पष्ट विचारलं तर तो विचार मीच त्याच्या डोक्यात घालीन, अशी भीती वाटते.
— एक बहीण, वय 21

उत्तर : तुझं पत्र हाती पडलं त्याच दिवशी तुला फोन केला, कारण अशा पत्राला पुढच्या अंकापर्यंत थांबवता येत नाही. तेव्हा बोललेलंच तुझ्या परवानगीने इथे देते आहे.

नाटकं म्हणावीत तर ती महिनाभर चालत नाहीत. झोप, भूक, आवडीनिवडी हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, तर नैराश्य आहे का ते तपासून घ्यायलाच हवं. या वयात ते रडण्यातून दिसेलच असं नाही. पुष्कळदा चिडचिडीतूनच बाहेर येतं. पण मला जास्त काळजी वाटली ती गिटारीची. आवडती वस्तू अशी देऊन टाकणं आणि सोबत ते वाक्य, हे दोन्ही एकत्र आलं की मी वाट बघत नाही.

विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. मात्र कसं विचारतो याला महत्त्व आहे. नवखी असताना एका मुलीला मी विचारलं होतं, ‘‘तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’’ ती ‘नाही’ म्हणाली. पुढे बरी झाल्यावर म्हणाली, ‘‘तुम्हाला ‘नाही’च ऐकायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.’’ त्या ‘ना’मध्येच उत्तर भरवलेलं असतं. म्हणून सरळ विचार : ‘‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’’ आणि मग गप्प बस. ‘हो’ आलं तर दचकू नकोस, ‘आईचा तरी विचार कर’ असंही म्हणू नकोस. आपण सगळ्यांवर ओझं आहोत, असं त्याला आधीच वाटतं आहे. कधी, कसं, काही ठरवलं आहे का, तेही विचार. ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. थेट रुग्णालयात न्या.

शपथ मोड. त्याला सांगूनच मोड : ‘‘चिडलास तरी चालेल, पण हे मी एकटीने सांभाळणार नाही.’’ घरातल्या गोळ्या आणि जिवाला धोका होईल अशा इतर वस्तू आजच कुलपात ठेवा. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं, तर गुण यायला काही आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या काही मुलांमध्ये सुरुवातीला अस्वस्थता आणि हे विचार वाढू शकतात, तेव्हा नजर ठेवा, बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवा, औषध परस्पर बंद करू नका. बाबांना पटवण्यात वेळ घालवू नकोस. त्यांना तपासणीच्या खोलीत शेजारी बसव, एवढं पुरे.

गिटार सध्या मित्राकडेच राहू दे.