आधी ती चुन्याची रेघ बघा (रस्त्याकडेच्या झाडांच्या प्रश्नाला उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला. धुळ्यात तुमच्या कॉलनीच्या रस्त्याला चाळीस झाडं लावायची आहेत, गुलमोहराची रोपं फुकट मिळतायत आणि शेजारचे काका अडून बसलेत, "उद्या कोणाच्या अंगावर पडलं तर जबाबदार कोण?" इथे बऱ्याच जणांनी काकांना झाडांचा वैरी ठरवून टाकलंय. मला तसं वाटत नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या गल्लीत तो वेळेवर कोणी विचारला असता, तर एका माणसाचा खांदा वाचला असता.

खड्डा, शेणखत, पिशवी फाडून लावणं हे तुम्हाला येतच असणार, त्यावर लिहीत नाही. तुमच्या फोटोत उजव्या हाताला, कंपाउंडच्या भिंतीलगत चुन्याची सरळ रेघ दिसते. खोदाईच्या आधी अशीच रेघ आखतात, म्हणून ती पाहिली आणि लिहायला बसलो.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. 2009 साली गल्लीत बारा कडुनिंब लावले. नळ आठवड्यातून एकदा, तरी बाराही जगवले. 2018च्या फेब्रुवारीत पाइप टाकायला जेसीबी आला आणि झाडं व भिंत यांच्यामधून चर काढून गेला, बुंध्यापासून जेमतेम हातभर अंतरावर. मनगटाएवढी मुळं तुटून चरात पडलेली मी स्वतः पाहिली. लगेच अर्ज लिहिला आणि संबंधित कार्यालयात गेलो. एका टेबलावर सांगितलं, खोदाई आमच्याकडे नाही. दुसऱ्यावर सांगितलं, झाडं आमच्याकडे नाहीत. तिसऱ्या टेबलावरचे म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मी ठेवून आलो. पोच घेतली नाही, आवक क्रमांक घेतला नाही, चराचा एक फोटोही काढला नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ती हीच.

चर मुरूम टाकून बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसले. पालवी हिरवीगार राहिली, म्हणून आम्हीही निर्धास्त. पण वरची पालवी मुळांचं काहीच सांगत नाही. 2019च्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, संध्याकाळी पश्चिमेकडून वावधान सुटलं आणि चौथं झाड मुळासकट रस्त्यावर आडवं झालं. खाली रिक्षा उभी होती, आत रिक्षावाले बसलेले. खांद्याचं हाड मोडलं, दोन महिने रिक्षा बंद. गल्लीने वर्गणी काढली, पण घर त्यांचं होतं आणि हाल त्यांच्या बायकोचे झाले.

दुसऱ्या दिवशी मी उपटलेल्या मुळांशी बसून पाहिलं. रस्त्याच्या बाजूची मुळं पिळवटून मोडलेली, आतून पांढरीशुभ्र, तंतू लोंबत होते. चराच्या बाजूची सपाट, बोथट, काळी पडलेली. त्यांत बोट घातलं तर ओल्या टोस्टसारखं आत जायचं. वारा पश्चिमेचा, चरही पश्चिमेला. म्हणजे जी मुळं झाडाला वाऱ्याविरुद्ध ओढून धरतात तीच सव्वा वर्षापूर्वी तुटलेली. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात लगदा होते, आणि मोकळ्या भरावाच्या चरात पाणी सरळ खाली उतरतं.

मग कार्यालयातून दोन प्रश्न आले. झाडं परवानगीने लावली होती का? तक्रार केली होती तर पोच दाखवा. आजही आठवलं की घसा दाटून येतो. ज्यांचा जेसीबी, ते नामानिराळे राहिले. ज्यांनी दहा वर्षं बादलीने पाणी घातलं, ते आरोपी झाले.

आता माझं मत. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही की वकील नाही, गल्लीतली झाडं सांभाळली एवढंच, तेव्हा स्थानिक जाणकाराला विचारून घ्या. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंधा फूटभर जाड असेल तर त्याच्यापासून निदान पाच फुटांच्या आत तरी खोदाई नको, जास्त सोडता आली तर उत्तम. पाइप न्यायचाच असेल तर मुळांखालून बोगदा काढायला सांगा. काँक्रीट आणि ब्लॉकही बुंध्याला भिडवू देऊ नका. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. आदेश दिल्लीपुरता असला, तरी अर्जात लिहायला उपयोगी पडतो.

गुलमोहर फुकट मिळाला तरी अरुंद रस्त्याला नको. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. मैदानात लावा, तिथे तो शोभतो. रस्त्याला कडुनिंब, करंज. मे महिन्यात पारा 45च्या घरात असताना ही दोन्ही झाडं हिरवी असतात आणि सावली त्याच दिवसांत हवी असते. तारेखाली मात्र हे दोन्ही नको, तिथे कांचनासारखं बुटकं झाड. कोनोकार्पस कोणी भराभर वाढतं म्हणून गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. चौकाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन गाड्यांच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर वळणारा दुचाकीवाला समोरच्याला दिसत नाही. पथदिव्याच्या खांबाशीही लावू नका. अंधाराची भीती बायकांना जास्त असते आणि ती खरी असते.

तारेसाठी एकाच बाजूच्या फांद्या तोडणाऱ्यांना अडवा. एकीकडचा भार गेला की झाड दुसरीकडे कलतं. आणि छाटणी असो की तोडणी, आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. 1975च्या आपल्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलंय.

पाण्याचं म्हणाल तर केळीच्या बागेतून काढून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या मागून आणा, शेतकरी आनंदाने देतात. एका टाकीवर दहा रोपं सहज जगतात.

पण हे सगळं नंतर. आधी ती चुन्याची रेघ कशाची आहे हे मुकादमाला विचारा आणि तेवढ्यावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून खोदाईचा नकाशा मागा, 30 दिवसांत द्यावा लागतो. चर भिंतीकडूनच जाणार असेल तर त्या बाजूला एकही रोप लावू नका, समोरच्या कडेला न्या. मोजायला जाल तेव्हा काकांना सोबत घ्या, टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात द्या, आणि अर्जावर पहिली सही त्यांची घ्या.