तारीख आपली आपण ठरवायची

रात्री पावणेदोनला मेसेज केलास तेव्हाच कळलं की तुला झोप लागत नाहीये. "ताई, काय करावं कळेना, पप्पा म्हणतात MPSC च्या अभ्यासाचं हे शेवटचं वर्ष, नाहीतर स्थळं बघायला घेतो." ऑफिसला जाताना तीनदा वाचला. फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

मी पण तुझ्यासारखीच अभ्यासाला पुण्यात राहायचे, सदाशिव पेठेत, पेरूगेटजवळच्या एका गल्लीत, एका खोलीत चौघी. मार्च 2020 ला सगळ्या पोरी गावाकडं पळाल्या तेव्हा मी एकच बॅग घेऊन निघाले, कारण 5 एप्रिलला राज्यसेवा पूर्व, म्हणजे MPSC ची पहिल्या टप्प्याची परीक्षा होती आणि मला वाटलं पंधरा दिवसात तर परत यायचंय. कोरोनामुळे ती पूर्व पुढं जात जात शेवटी झाली 21 मार्च 2021 ला. घरी मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टाइमटेबल लिहिलं होतं, तारीख बदलली की त्याच्यावर नवा कागद चिकटवायचे, शेवटी शेवटी ते पुठ्ठ्यासारखं जाड झालं होतं. तारीख जवळ आली की रात्र रात्र जागायचं, लांब गेली की महिनाभर पुस्तकाला हात लावायचा नाही. त्यातच मामाच्या पोरीचं लग्न झालं, तेव्हा पन्नासच माणसांची परवानगी होती आणि त्या पन्नासात माझं नाव होतं, तरी मी गेले नाही, परीक्षा तोंडावर आली म्हणून. परीक्षा पुढं गेली आणि लग्न होऊन गेलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

परीक्षा पुढं गेली म्हणून मी स्वतःला पण पुढं ढकलत होते, हे मला फार उशिरा कळलं. तुझं पण तेच चाललंय असं मला वाटतं, राग मानू नकोस.

आता एक गोष्ट बघ. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. म्हणजे बाविसाव्या वर्षी सुरू केलं तर पुढची सोळा वर्षं तुला कुणीच थांबवणार नाहीये. आणि निकाल लागला की अभ्यासिकेत सगळे एकच बोलतात, कट ऑफला दोन मार्कांनी गेली, अजून एक अटेम्प्ट दे. मी पण दोन मार्कांनीच गेले होते. दोन मार्क म्हणजे इतके जवळ वाटतात ना की त्या नादात दोन वर्षं कधी जातात कळत नाही. म्हणून किती अटेम्प्ट द्यायचे ते निकालाच्या रात्री ठरवायचं नाही, आत्ता ठरवायचं, डोकं शांत असताना, वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि पप्पांना दाखवायचं. "बघू" म्हणू नको त्यांना, बघू म्हणलं की बापाला काळजीच वाटते. त्यांना महिना सांग, वर्ष सांग, तोपर्यंत स्थळाचा विषय काढायचा नाही हे पण सांग. स्पष्ट सांगितलेलं ऐकून घेणारी माणसं आहेत ती, मला माहितीये.

दुसरं, टायपिंग करून ठेव. हसू नको. कॉलेजच्या सुट्टीत वडलांनी मला तालुक्याच्या टायपिंग क्लासला जबरदस्तीनं घातलं होतं, मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द, करंगळी दुखायची बटणं दाबून दाबून, आणि मला वाटायचं हे काय कामाचं. पुढं गट क च्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक झाले ते त्याच सर्टिफिकेटवर. मला डेप्युटी कलेक्टर व्हायचं होतं, झाले नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार येतो, घरात माझ्या शब्दाला किंमत आहे, आणि पहिल्या पगारातून आईच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं त्या दिवशी मला अजिबात हरल्यासारखं वाटलं नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर राज्यसेवा मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झालीय, मेरिटला धरायचे 1750 मार्क आणि मुलाखत 275. आमच्या वेळी पर्याय निवडून गोल रंगवायचे होते, तुला लिहावं लागणार. तू मात्र अजून दिवसभर लेक्चरच बघत बसतेस. रोज एक उत्तर हातानं लिही, वेळ लावून. पोस्ट निघो न निघो, तारीख लागो न लागो, ते एक पान संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे. मला त्या काळात असं एखादं काम असतं तर मी रात्री झोपले असते.

आणि मेसचा डबा दोघीत एक घेणं बंद कर, पैसे कमी पडले तर मला सांग, लाजायचं नाही. रविवारी दुपारी मी घरीच असते. तोपर्यंत एक निबंध लिहून फोटो पाठव, विषय तुझा तू निवड, अक्षर कसंही असू दे.

तुझी ताई