१.५ टनचा स्प्लिट एसी स्वतःच बसवला तर चालेल का, की कंपनीचाच माणूस बोलवावा?

व्हॅक्यूम पंप, म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा ओढून काढणारा पंप, आहे का तुमच्याकडे? नसेल तर स्वतः बसवायचा विषय तिथंच संपला. पण ते "कंपनीचाच माणूस" वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

नागपूरला आमच्या साडूभाऊंनी ऐन मे महिन्यात एसी घेतला, बसवायला कंपनीचा पोरगा आला तो घाईतच, पुढची घरं वाट बघत होती. भिंतीला होल मारलं, पाइप जोडला आणि लगेच ॲलन की लावून व्हॉल्व्ह जरासा उघडला, नट सैल करून फुस्स. मी म्हटलं अरे व्हॅक्यूम? तर म्हणे "काका नवीन मशीन आहे, गॅसनंच हवा निघते". साडूभाऊ माझ्यावरच उखडले, त्याचं रोजचं काम आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता. मी आयटीआय करून जन्मभर इलेक्ट्रिकचीच कामं केली, पण पिकतं तिथं विकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एसी नुसता वारा मारायला लागला. बाल्कनीत बघितलं तर आउटडोअरच्या बारीक पाइपवर बर्फ, फ्लेअर नटखाली (पाइप जिथं मशीनला जोडतात तो नट) तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. साबणाचा फेस लावला, लगेच बुडबुडे. त्या दिवशी व्हॅक्यूम मारून गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा जागेवर राहतो का एवढं बघितलं असतं तरी लीक तिथंच सापडलं असतं, शिवाय पाइपातली हवा आणि ओल निघते ते वेगळंच, ओल राहिली की कॉम्प्रेसरच्या तेलाची वाट लागते. साडूभाऊ अजून म्हणतात मशीनच खराब निघालं. (हे उत्तर त्यांनाही पाठवणारे.)

तेव्हा कंपनीचा असो की गल्लीतला, पंप आणि गेज आणलंय का ते दारातच विचारा, नसेल तर परत पाठवा, चहापण देऊ नका. वेगळा एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट आधीच करून ठेवा. ड्रेन पाइपला बाहेर उतार आहे ना ते स्वतः पाणी ओतून बघा.

आणि हो, विंडो एसी असेल तर खुशाल बसवा, त्यात गॅसचं कामच नसतं, उचलायला दोघं लागतात एवढंच. स्प्लिटमध्ये हल्ली बहुतेक आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. वॉरंटी कार्डही नीट वाचा, स्वतः बसवला तर पुढं नाटकं करतात. आणि वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर लोंबकळून ब्रॅकेट ठोकायचा बेत असेल तर आधी घरच्यांना विचारा.